नवागामच्या गच्चीवरचा तिसरा तारा

मी सुरतेला हट्टाने गेले, हे आधीच सांगून टाकते. हवापालट, देवदर्शन, साड्यांची खरेदी यांतलं काहीही मनात नव्हतं. मिरजेहून निघताना धाकटी बहीण म्हणाली, सुरतेला जातेस तर दोन चांगल्या साड्या आण. मी हो म्हटलं आणि आणल्या नाहीत.

मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लंबक टांगायचे, भिंगं पुसायची, फुटलेल्या काचेच्या नळ्यांचा हिशोब ठेवायचा, हे माझं काम. घरी गच्चीवर एक दुर्बीण आहे. चंद्र सरकत सरकत एखाद्या ताऱ्याला झाकतो, त्याला पिधान म्हणतात. तारा नेमका कोणत्या क्षणी गेला, ते मी कॅमेऱ्याने टिपते आणि नोंद पाठवते. बारा वर्षं हे करते आहे. तारा जातो तो दिवा विझवल्यासारखा, एका झटक्यात. चंद्राला हवा नाही, त्यामुळे मंद होत जाणं वगैरे प्रकार नाही.

गेल्या वर्षी मेष राशीतला एक तारा असा झटक्यात गेला नाही. आधी अर्धा झाला आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याने पुरता गेला. हा तारा आपल्या जवळच्यांपैकी, आणि तो जोडतारा आहे हे यादीत पूर्वीपासून आहे. पण यादीतला सोबती इतका मंद आणि इतका लांब आहे, की तो आधी जावो वा नंतर, उजेड अर्धा होणार नाही. म्हणजे मोठ्या ताऱ्याला अगदी चिकटून आणखी कुणीतरी आहे, दुर्बिणीतून वेगळं न दिसणारं. तिसरं.

मी तसं लिहून पाठवलं. आमच्याकडच्या सगळ्या नोंदी पुण्यातल्या एका प्राध्यापकांकडे जातात. मी त्यांना नुसतं सर म्हणते. त्यांचं उत्तर आलं की माझ्या स्वस्त कॅमेऱ्याने मधल्या चौकटी, म्हणजे फ्रेम, गाळल्या असतील, नोंद मागे घ्यावी. खाली एक ओळ होती: "प्रयोगशाळा सहायकांनी नोंदी पाठवाव्यात, निष्कर्ष काढू नयेत."

ती ओळ मी तीनदा वाचली. नोंद मागे घेतली नाही.

पुढे गणित मांडताना दिसलं की जानेवारीत हाच तारा पुन्हा चंद्राच्या वाटेत येतोय. मिरजेहून तो नुसता चंद्राच्या शेजारून जाताना दिसणार होता. पण एका अरुंद पट्ट्यातून पाहिलं तर चंद्राची कड त्याला घासून जाणार होती. कडेवरच्या डोंगरांआड तारा जातो, दरीत पुन्हा दिसतो, परत जातो. घासून जात असल्यामुळे सगळं संथ होतं, आणि पाचव्या हिश्श्याचं काम सेकंद-दोन सेकंदांवर येतं. चोरून राहणाऱ्याला पकडायला याहून चांगली जागा नाही. चंद्राची वाट दरवर्षी थोडी सरकते. ही संधी गेली, की हा तारा पुढे कित्येक वर्षं त्या वाटेत येणार नव्हता. तो पट्टा सुरतेच्या पूर्व भागातून तिरका जात होता: नवागाम, पर्वत पाटिया, कामरेज. मी रजेचा अर्ज टाकला.

नवागाम, पहिला दिवस

सुरतेत माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं आणि तेही फोनवरचं. देविदास अहिरे. मूळचे शिंदखेडा तालुक्यातले, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मागावर काम करायला आले ते इथलेच झाले. आता खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, देखरेखीचं काम करतात. बारा तासांची पाळी सांभाळून या माणसाने वर्षभर काच घासून दुर्बिणीचा आरसा स्वतः बनवला आहे. नोंदी पाठवणाऱ्यांच्या गटात ते क्वचित बोलतात. माझ्या नोंदीवर सगळे गप्प बसले, तेव्हा त्यांचा एकट्याचा निरोप आला होता: ताई, मला तुमचं पटतं.

स्टेशनवर ते स्कूटर घेऊन आले होते. पन्नाशी उलटलेले, बारीक, कानात कापूस. पहिल्यांदा वाटलं ऐकू कमी येतं. घरी पोचल्यावर कापसाचं कारण कळलं. नवागामची गल्ली म्हणजे घराला घर चिकटलेलं, आणि दर चार घरांमागे एक धडधड. अहिरेभाऊंच्या शेजारच्या इमारतीत खाली खातं आहे. त्यांच्या घरात फळीवरची स्टीलची भांडी दिवसभर बारीक किणकिणत असतात. मी दोनदा उठून पाहिलं, कुणी आलं का म्हणून.

वहिनी, लीलाबाई, दारातच बसल्या होत्या. मांडीवर पिवळी साडी, हातात गोंदाची नळी. साडीवर त्या चमकते खडे चिकटवत होत्या. इकडे त्यांना सरळ डायमंड म्हणतात. माझ्याशी बोलताना त्यांचे हात थांबले नाहीत आणि एकही खडा रेषेबाहेर गेला नाही.

त्यांची अहिराणी मला पहिला तासभर निम्मी कळली. आमच्याकडे 'आहे', त्यांच्याकडे 'से'. आला म्हणजे 'उना', गेला म्हणजे 'गया'. नवऱ्याशी अहिराणी, गल्लीत हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती. एका वाक्यात तीन भाषा बदलताना त्या अडखळत नाहीत. मी मात्र मिरजेची मराठी घेऊन सगळीकडे पाहुणीच.

जेवायला कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी होती. भाकरी काळसर, उडदाच्या वासाची. आमच्या भाकरीला इतका कणखरपणा नाही. संध्याकाळी अहिरेभाऊंनी पोंक आणला. मी ओळखला, हा तर आपला हुरडा. पण आपण तो शेतात बसून चटणीशी खातो. इथे त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव टाकून, कागदाच्या पुड्यात, रस्त्यावर उभ्याने. मी म्हटलं, हुरडा शेतातच खरा. लीलाबाई म्हणाल्या की शेत सोडून आलेल्यांनी मग खायचाच नाही का. मी पुडा संपवला.

जेवणं झाल्यावर योजना मांडली. कॅमेरे दोन, एक माझा, एक त्यांचा. अहिरेभाऊ कामरेजला जाणार. तिथे त्यांच्या गाववाल्याने उसाच्या शेताकडेची मोकळी जागा देऊ केली होती. मी पर्वत पाटियाला, एका व्यापारी इमारतीच्या गच्चीवर. परवानगी त्यांनी महिन्यापूर्वीच काढली होती. दोन जागा, दोन कॅमेरे. दोन्हीकडे सारखंच दिसलं, तर चौकटी गळाल्या असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

लीलाबाई खडे चिकटवत ऐकत होत्या. अहिरेभाऊंची एक जुनी लहान दुर्बीण कपाटावर होती. लीलाबाईंनी तिकडे बोट केलं आणि विचारलं की ती कोण वापरणार. अहिरेभाऊ म्हणाले, तिला कॅमेरा बसत नाही.

"ताई," त्या माझ्याकडे वळल्या, "मना डोया कामना नहीत का?"

माझे डोळे कामाचे नाहीत का. कॅमेरे नव्हते तेव्हा लोक डोळ्यांनीच वेळा टिपायचे, हे मला पाठ होतं. तरी माझ्याही तोंडावर आधी 'पण' आला होता. प्रयोगशाळेत बारा वर्षं मी जे ऐकत आले, तेच मी दुसऱ्या बाईला ऐकवायला निघाले होते. तो 'पण' मी गिळला.

नवागाम, दुसरा दिवस

सरावाला आदली संध्याकाळ मिळाली. वाढता चंद्र रोज दोन-चार बारीक तारे झाकतोच. गच्चीवर आम्ही तिघं. खाली माग चालू, आणि दुर्बिणीत तारा सुईच्या टोकासारखा थरथरत होता. माझ्या कॅमेऱ्यात तर त्याची नुसती रेघ उमटली. शेवटी कॅमेऱ्याची तिवई मी वाळूच्या पोत्यांवर ठेवली, तेव्हा कुठे चित्र जरा स्थिर झालं. मी लीलाबाईंना म्हटलं, असं हलताना तुम्हाला दिसणार कसं?

"आठे रोजच हालस," त्या म्हणाल्या, म्हणजे इथे रोजच हलतं. "माले त्यानी सवय से."

पद्धत सोपी होती. एका फोनवर दर सेकंदाला टिक वाजणारं घड्याळ, दुसरा फोन आवाज टिपतो. तारा गेला की 'गया' म्हणायचं, आला की 'उना'. मध्ये काही वेगळं दिसलं तर जे दिसेल ते म्हणायचं. काय दिसायला हवं, हे मी मुद्दाम सांगितलं नाही. माझा तारा दोन टप्प्यांत जातो ही गोष्ट अहिरेभाऊंनीही घरात बोलायची नाही, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आधी सांगितलं की डोळा तेच पाहतो.

त्या संध्याकाळी तीन तारे गेले. तिन्ही वेळा लीलाबाईंचा 'गया' माझ्या कॅमेऱ्याच्या मागे जवळजवळ सारख्याच अंतराने आला. डोळ्यापासून जिभेपर्यंत पोचायला वेळ लागतोच. पण तो प्रत्येक वेळी तेवढाच लागणं, हे मी कॉलेजात बारावीच्या मुलांतही क्वचित पाहिलं आहे. लंबकाचे झोके मोजताना त्यांचे आकडे कुठल्या कुठे जातात.

खाली उतरताना अहिरेभाऊंनी ती लहान दुर्बीण स्वतःच्या रुमालाने पुसली.

पर्वत पाटिया, तिसरा दिवस

घटना संध्याकाळी पावणेआठला होती. पाच वाजता अहिरेभाऊ स्कूटरवर कामरेजला गेले. लीलाबाई लहान दुर्बीण आणि दोन फोन घेऊन नवागामच्या गच्चीवरच थांबणार होत्या. मी रिक्षाने सामान घेऊन पर्वत पाटियाला पोचले. तिथला चौक म्हणजे कापडाचा महापूर. टेम्पोत ताके, हातगाडीवर ताके, माणसांच्या डोक्यावर ताके. इमारतीच्या दाराशी चौकीदाराने माझी पेटी पाहिली आणि हात आडवा केला. मी परवानगी देणाऱ्याचं नाव सांगितलं. त्याने फोन लावला. इमारतीचे सेक्रेटरी खाली आले, पेटी उघडायला लावली, कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, "ना बेन, केमेरा नहीं चाले." गच्चीवरून आजूबाजूच्या घरांत दिसतं, लोक तक्रार करतात. मी चंद्र दाखवला. ते चंद्राकडे नाही, माझ्याकडे पाहत राहिले. बाई, एकटी, परगावची, हातात कॅमेरा. एवढंच त्यांना दिसत होतं. अहिरेभाऊंचा फोन लागत नव्हता. साडेसहा वाजले होते.

परत नवागामला जाऊन पोती, तिवई सगळं मांडायला वेळ पुरणार नव्हता. मी इमारतीबाहेर आले आणि समोरच्या पार्किंगच्या कोपऱ्यात, विजेच्या खांबामागे, जिथे दिव्याचा उजेड थेट येत नव्हता तिथे, तिवई उभी केली. रस्ता काही सेक्रेटरींचा नव्हता. दहा मिनिटांत गर्दी जमली. कुणी विचारलं काय मोजताय, मेट्रो येणार का इथून. एका माणसाला वाटलं मी अतिक्रमणवाली आहे, त्याने आपला चहाचा गाडा चार फूट मागे ओढला. मी सगळ्यांना चंद्र दाखवला. हिंदीत, मराठीत, आठवेल त्या गुजरातीत सांगितलं की एक तारा लपाछपी खेळतोय आणि पावणेआठला मला दहा मिनिटं कुणी धक्का देऊ नका. लोकांनी ऐकलं, हे मला नोंदवलंच पाहिजे. चहावाल्याने तर दोन बाकडी आडवी टाकून कुंपण केलं.

सात चाळीसला तारा चौकटीच्या मधोमध होता, चंद्राची काळी कड त्याच्याजवळ सरकत होती. चित्र स्वच्छ होतं. मी श्वास धरला. तेवढ्यात ताके भरलेला एक टेम्पो मागे येऊ लागला. चहावाला ओरडला, लोकांनी पत्रा बडवला, पण चालकाला ऐकू गेलं नाही. मागचं चाक बाकडाला लागलं, बाकडं तिवईला. दुर्बीण मी छातीवर झेलली. कॅमेऱ्याची तार तुटली.

दुसरी तार पेटीत होती. ती बसवून, तिवई उभी करून चंद्र पुन्हा धरेपर्यंत सात पंचावन्न झाले. तारा चंद्रापासून सुटून शांतपणे बाजूला लुकलुकत होता. सगळं होऊन गेलं होतं.

चालक खाली उतरून हात जोडत होता. चहावाल्याने चहा दिला, तो मी प्यायले, आणि त्या खांबामागे उभी राहून रडले. वर्षभर ज्या दहा मिनिटांसाठी भांडले, त्यातलं एकही माझ्या हाती नव्हतं.

नवागाम, त्याच संध्याकाळी

अहिरेभाऊ माझ्या आधी घरी पोचले होते. त्यांच्याकडे मिळालं होतं. कामरेजचं आकाश स्वच्छ, शेतात वारा नाही. लॅपटॉपवर त्यांनी मला दाखवलं: तारा तीनदा गेला, तीनदा आला, आणि प्रत्येक वेळी मध्ये एक पायरी. अर्ध्या उजेडाची. मी एकेक चौकट मोजली. पायरी चांगली सेकंदभर होती. मला आनंद झाला, पण पुरता नाही. एकच कॅमेरा, तोही घरी जुळवलेला. सर काय म्हणणार ते मला ऐकू येत होतं.

लीलाबाई स्वयंपाकघरात होत्या. आवाज टिपलेला फोन त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि पीठ मळायला लागल्या. मी फोन कानाला लावला. आधी टिक, टिक, आणि मागे मागांची धडधड. मग त्यांचा आवाज, अगदी सपाट, भाजीचे भाव सांगावेत तसा. से. से. अर्धा गया. गया. बऱ्याच टिकांनंतर, अर्धा उना. उना. पुन्हा, अर्धा गया. गया. आणि शेवटी, अर्धा उना, उना, आते पुरा से.

कुणी त्यांना 'अर्धा' शब्द सांगितला नव्हता. नवागाममधून चंद्राचे डोंगर वेगळे दिसतात, त्यामुळे तारा तिथे दोनदाच गेला. पण पायरी तीच होती. मी कागदावर सेकंद मांडले, त्यांचा आदल्या दिवशीचा उशीर वजा केला, आणि अहिरेभाऊंच्या चौकटींशेजारी ठेवले. दोन जागा, एक कॅमेरा, एक डोळा, आणि दोघांनाही एकच तिसरा तारा.

मी लीलाबाईंना विचारलं, तुम्ही काय पाहिलंत ते तुम्हाला कळलं का. त्यांनी विचारलं, खरं निघालं ना. मी हो म्हटलं. मग जेवायला बसा, असं म्हणून त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. अहिरेभाऊ बायकोकडे असे पाहत होते, जणू तीस वर्षांत पहिल्यांदाच ती घरात आली होती.

मिरज

परत आल्यावर मी दोन्ही नोंदी सरांना पाठवल्या. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच मऊ होता. कामरेजची चित्रफीत चांगली आहे म्हणाले. ती माझ्या गेल्या वर्षीच्या नोंदीसोबत, माझ्या नावाने पुढे पाठवता येईल, अहिरेंचे आभार खाली मानू. ते दुसरं मात्र काढून टाका.

मी विचारलं, दुसरं कोणतं?

ते म्हणाले, तो आवाज. काय बोलतात ते कळत नाही, मागे यंत्रांचा गोंधळ, बाईंना शिक्षण नाही. हसं होईल.

मला वर्षभर जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं. माझा तारा, माझं नाव, आणि सरांची मान्यता. फक्त एका बाईचा आवाज पुसायचा होता. खोटं सांगत नाही, अर्धा क्षण मन तिकडे झुकलं.

"सर," मी म्हटलं, "फीत एकटी असती तर तुम्हीच म्हणाला असता की चौकटी गळाल्या. गळाल्या नाहीत, हे त्या आवाजाने सिद्ध होतं. तो जाणार असेल तर काहीच जाणार नाही."

ते म्हणाले, मग माझ्यामार्फत जाणार नाही. मी म्हटलं, ठीक आहे.

जगभरच्या अशा नोंदी परदेशातले काही लोक एकत्र करतात. त्यांना कुणीही थेट लिहू शकतं. एवढी वर्षं आम्ही ते सरांवर सोपवलं होतं, कारण इंग्रजी पत्राची भीती. मी दोन आठवडे शब्दकोश घेऊन बसले. लीलाबाईंचा प्रत्येक शब्द लिहिला, शेजारी अर्थ, शेजारी सेकंद. सरावाच्या तिन्ही ताऱ्यांचे आकडे जोडले. पर्वत पाटियाच्या रकान्यात लिहिलं: धक्का लागला, नोंद नाही.

महिन्याने उत्तर आलं. दोन्ही नोंदी जुळतात, त्यांनी लिहिलं होतं. यादीत घालण्यापूर्वी एकच विचारणा: नवागामच्या निरीक्षकाचा अनुभव कळवावा.

मी नवागामला फोन लावला. लीलाबाईंना प्रश्न समजावला आणि विचारलं, काय लिहू. पलीकडे मागांची धडधड चालू होती.

"लिखी दे," त्या म्हणाल्या, "चारच तारा देखात. पन बराबर देखात."

मी तसंच लिहून पाठवलं, खाली अर्थ दिला. आठवडाभराने नोंद यादीत लागली: मोठ्या ताऱ्याला आणखी एक सोबती असावा, पुढे तपासावं. शेजारी निरीक्षकांची नावं होती. पहिलं लीलाबाई अहिरे, दुसरं देविदास अहिरे. माझं तिसरं. पिधानाच्या संध्याकाळी मी चौकातल्या खांबामागे रिकाम्या हातांनी उभी होते, म्हणून तोच क्रम बरोबर होता, आणि तो मीच भरून पाठवला होता.